आधी तराजू, मग टाकी
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



आपल्या बॅचतर्फे शाळेला बायोगॅस प्रकल्प द्यावा, अशी सूचना आली आहे. 'तू इंजिनिअर, तूच बोल,' असा हुकूम झाला म्हणून उभी आहे. माझं काम सॉफ्टवेअरचं, पण हिशेब मांडता येतो.

घोटीला टाकाऊतून ऊर्जा नवी नाही. गिरणीत 100 किलो भात भरडला की साधारण 20 किलो तूस निघतो. तो बॉयलरमध्ये, वीटभट्टीत जळतो. बायोगॅसच्या टाकीत मात्र तो चालत नाही, जिवाणूंना पचत नाही. सुकं जाळायचं, ओलं कुजवायचं, हा साधा नियम.

ओल्याचं उदाहरणही जवळ आहे. नाशिकला जाताना विल्होळी लागते. तिथे नाशिक महापालिकेने जर्मनीच्या जीआयझी संस्थेच्या मदतीने 2017 मध्ये प्रकल्प सुरू केला. हॉटेलांतलं खरकटं आणि सार्वजनिक शौचालयांतला मैला एकत्र कुजवून त्या गॅसवर वीज करायची. क्षमता रोज सुमारे 30 टनांची. पूर्ण चालला तर दिवसाला साधारण 3,300 युनिट वीज.

आता शाळेचं बघू. 10 किलो उरलेल्या अन्नातून साधारण एक घनमीटर गॅस मिळतो. तो अंदाजे 450 ग्रॅम एलपीजीचं काम करतो. म्हणजे रोज 10 किलो मिळालं, तर महिन्याला जवळजवळ एक घरगुती सिलिंडर वाचेल. पण आपल्या शाळेत रोज 10 किलो अन्न उरतं का? मुलं खिचडी चाटूनपुसून खातात, आणि तेच चांगलं आहे. मग बाजारातला भाजीपाला आणावा लागेल. त्यात पाणी जास्त, म्हणून गॅस कमी.

शिवाय जिवाणूंना मे महिन्याची सुट्टी नसते. त्यांना रोज खायला लागतं. 35 अंशांच्या आसपास ते जोमात असतात. आपल्याकडच्या पावसाळ्यात आणि थंडीत गॅस घटणार. एक प्लास्टिकची पिशवी आत गेली, तर पाइप तुंबणार.

गावोगावी बंद पडलेल्या गोबरगॅसच्या टाक्या आपण पाहिल्या आहेत. बहुतेक ठिकाणी तंत्र चुकलं नव्हतं. गोठ्यातली जनावरं कमी झाली आणि रोज शेण कालवणारा माणूस उरला नाही.

म्हणून माझी सूचना अशी. टाकीची ऑर्डर आत्ता देऊ नये. शाळेला दोन डबे आणि एक तराजू द्यावा. ओला कचरा वेगळा करून महिनाभर रोज वजन वहीत लिहावं; हे काम नववीची मुलं आनंदाने करतील. आकडा पुरेसा आला, तरच टाकी. आणि वर्गणीतली निम्मी रक्कम टाकी सांभाळणाऱ्या माणसाच्या मानधनासाठी बाजूला ठेवावी. आकडा कमी आला, तर खतखड्डा करू. त्यातही कमीपणा नाही.

शाळेच्या आवारात बंद टाकी आणि तिच्यावर आपल्या बॅचची पाटी, एवढं मात्र नको.