ओढ्यापलीकडचा माणूस
(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या सभागृहात केलेले भाषण)



सचिव म्हणाले, "काका, बँक सोडून कशावरही बोला." म्हणून आज मी पुलावर बोलणार आहे. हिशेब मध्येमध्ये येईलच, जन्माची सवय आहे.

१९८१ साली माझी बदली कोकणातल्या एका खेड्यात झाली होती. आमचा शिपाई ओढ्यापलीकडच्या वाडीत राहायचा. ओढ्यावर लाकडी साकव होता, तो जुलैच्या पुरात गेला. त्याच आठवड्यात त्याच्या बायकोला कळा सुरू झाल्या. डोली ओढ्यापर्यंत आणली आणि पाणी उतरायची वाट बघत सगळे रात्रभर काठावर बसले. बाई वाचली, मूल गेलं. तिसऱ्या दिवशी तो कामावर आला. मी त्याची रजा मंजूर केली. माझ्या हातात तेवढंच आहे, असं मला तेव्हा वाटलं.

हे सगळं परत आठवलं ते आमच्या जावयांमुळे. ते अमेरिकेत असतात, तिथल्या रोटरी क्लबचे सभासद आहेत. काही वर्षांपूर्वी स्वतःच्या खर्चाने ते दोन आठवडे निकाराग्वात पादचारी पूल बांधायला गेले होते.

या कामाची सुरुवात एका फोटोतून झाली. इथिओपियात निळ्या नाईल नदीवर सतराव्या शतकातला दगडी पूल आहे. इटालियन फौजांच्या काळात त्याची मधली कमान तुटली. त्यानंतर कित्येक वर्षं माणसं दोरीला लटकून पलीकडे जात. दोन्ही काठांवरची माणसं दोर ओढून एकेकाला पार करायची. हा फोटो केन फ्रांत्झ नावाच्या अमेरिकन बांधकाम व्यावसायिकाने मासिकात पाहिला. फोटो आपणही रोज पाहतो, हळहळतो आणि पान उलटतो. त्याने २००१ साली 'ब्रिजेस टू प्रॉस्पेरिटी' ही संस्था काढली आणि पुढच्याच वर्षी तो पूल दुरुस्त केला. पुढे रोटरी क्लबांनी अशा अनेक पुलांना पैसे दिले आणि माणसंही दिली.

पैसे कसे उभे राहतात, तेही सांगतो. रोटरी फाउंडेशनच्या ग्लोबल ग्रँटसाठी प्रकल्प किमान ३०,००० डॉलरचा लागतो. एक क्लब त्या देशातला आणि एक बाहेरचा, असे दोघे जामीनदारासारखे उभे राहतात. आधी गावाची खरी गरज काय, हे तपासावं लागतं. आमच्या कर्जप्रकरणासारखंच!

पूल साधा असतो. दोन्ही काठांवर दगडी बांधकाम, त्यात अडकवलेले पोलादी दोर आणि दोरांवर फळ्या. बंदरांतल्या क्रेनचे वापरून काढून टाकलेले दोरही यासाठी चालतात. सगळ्यात मोठ्या पुराचं पाणी कुठवर आलं होतं, हे इंजिनियर गावातल्या म्हाताऱ्यांना विचारतो. म्हणजे आमच्या वयालाही तिथे काम आहे.

मी जावयांना सरळ विचारलं, "तुमच्या विमानाच्या तिकिटात तिथले किती मजूर राबले असते?" ते हसले. म्हणाले, "बाबा, निम्मं काम आम्ही पोचायच्या आधी गावानेच केलेलं असतं. दगड, वाळू, खोदाई सगळं त्यांचं. आम्ही फक्त शेवटी फळ्या जोडायला. पण जो एकदा त्या पुलावरून चालून येतो, तो पुढच्या पुलासाठी आयुष्यभर पैसे मागत फिरतो." हिशेब पटला.

फायदा खरंच होतो का? ब्रुक्स आणि डोनोव्हन या अर्थशास्त्रज्ञांनी निकाराग्वातल्या गावांचा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध केला. पूल झाल्यावर शेतीचा नफा सुमारे ७५ टक्क्यांनी वाढलेला दिसला. कारण ऐकण्यासारखं आहे. पुरातही पलीकडे मजुरीला जाता येईल, अशी खात्री झाली. त्यामुळे अडीअडचणीसाठी दडवून ठेवलेला पैसा शेतकऱ्याने धीर करून खतात घातला. पस्तीस वर्षं कर्जं वाटली, पण गरिबाची जोखीम इतकी नेमकी मला कुणी समजावली नव्हती.

आता आपल्याकडे वळतो. पूल बांधण्याइतकंच तो राखणंही अवघड. सैल झालेला नट, कुजलेली फळी कुणीतरी बघायला हवी. म्हणून गावात देखभाल समिती असते. पंचवीस वर्षं टाकी, लिफ्ट आणि गच्चीची गळती यावर भांडत आलेल्या आपल्यासारख्यांना हे समजावून सांगायला नको. मेंटेनन्सची पावती फाडताना कुरकुर करता ना? तीच पावती इमारत उभी ठेवते.

शेवटी एकच. १९८१ साली शाखेत आम्ही पाच पगारदार होतो. गावात सुतार होता, लाकूड होतं, वाडीतली माणसं राबायला तयार होती. पाचांनी वर्गणी काढली असती तर दिवाळीपर्यंत साकव उभा राहिला असता. कुणाच्या मनात वाईट नव्हतं. सुचलंच नाही. कारण आमच्यापैकी कुणालाच ओढ्यापलीकडे जायचं नव्हतं.

सोसायटीच्या निधीला हात लावा, असं मी म्हणणार नाही. तो दुरुस्तीचा पैसा आहे. पण आपल्याकडे धुणीभांडी करणाऱ्या मावशी, वॉचमन, भाजीवाले कुठल्या वाटेने येतात, त्या वाटेत काय आडवं येतं, एवढं या रौप्यमहोत्सवी वर्षात विचारून तर बघूया. विचारलं की पुढचं सुचतं.