नोटिस पिरियड किती? करंट सीटीसी किती?

हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये हेडफोन लावून अडकलेल्या सगळ्यांना आज स्पेशल नमस्कार. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे एपिसोड लिहूनही टाकलाय. बोलतानाचे 'अं' आणि 'काय म्हणतात ते' तेवढे काढलेत, बाकी जसं बोलले तसंच आहे.

विषय तुम्हीच दिलाय. "ताई, एचआरचा फोन आला, छान बोलणं झालं, मग माणूस गायबच" अशा मेसेजेसनी माझा इनबॉक्स भरलाय. मी सहा वर्षं बॅकएंडवर काम करतेय, जावा आणि स्प्रिंग बूट. त्यामुळे हे फोन मलाही भरपूर आलेत. एक आधीच सांगते, रिक्रूटर म्हणजे वाईट माणसं असं मला म्हणायचं नाहीये. माझी एक जवळची मैत्रीण याच कामात आहे आणि आज जे सांगणार आहे त्यातलं निम्मं तिनेच मला समजावलंय.

फोन साधारण असा असतो.

"हाय, जॉब चेंज बघताय का?"

"हो. कंपनी कोणती?"

"ते प्रोफाइल शॉर्टलिस्ट झाल्यावर सांगते. टोटल एक्सपिरियन्स? रिलेव्हंट? करंट सीटीसी? एक्स्पेक्टेड? नोटिस पिरियड?"

"नव्वद दिवस."

"ओह. निगोशिएबल आहे का? क्लायंटला इमिजिएट जॉइनर हवाय."

"नाही, तीन महिने पूर्ण करावे लागतात."

"ओके, आय विल गेट बॅक टू यू."

पावणेदोन मिनिटं. तुम्ही काय काम केलंय, काय बांधलंय, एक शब्द नाही. दुपारपर्यंत याच जागेसाठी आणखी तीन नंबरांवरून तीन फोन. तेच जॉब डिस्क्रिप्शन, फक्त फॉन्ट वेगळा.

असं का होतं? फोन करणारी व्यक्ती बऱ्याचदा त्या कंपनीची नसतेच. ती कन्सल्टन्सीची असते. कंपनी एकच रिक्वायरमेंट चार-पाच कन्सल्टन्सींना एकदम देते. तुम्ही जॉइन झालात तर त्यांना तुमच्या वार्षिक सीटीसीच्या काही टक्के फी मिळते. 8.33 टक्के हा आकडा या धंद्यात खूप चालतो, म्हणजे वर्षाचा बारावा भाग, एक महिन्याचा पगार. आणि तुमचा सीव्ही कंपनीच्या सिस्टिममध्ये जो आधी टाकेल, त्याचे तुम्ही कँडिडेट. पुढचे काही महिने तुमच्यावर त्याचाच हक्क. म्हणून ती घाई. म्हणून ते "मेलवर फक्त 'आय कन्फर्म' लिहून पाठवा ना". आणि म्हणूनच कंपनीचं नाव सांगत नाहीत, कारण सांगितलं तर तुम्ही थेट जाऊन अप्लाय कराल आणि त्यांची फी बुडेल.

गायब होण्याचंही तसंच. मैत्रीण म्हणते, "अगं, मलाच कंपनीकडून फीडबॅक येत नाही, तुला काय कळवू? आणि आज पंचवीस प्रोफाइल पाठवायचं टार्गेट आहे. नाही झालं हे कळवायला मला कोण पैसे देतं?" तिचं खरं आहे. तरीही मला राग येतो. कांदेपोह्याच्या कार्यक्रमानंतरसुद्धा लोक निदान "पत्रिका जुळत नाही" एवढा निरोप पाठवतात हो! तीन राऊंड, एक वीकेंडची असाइनमेंट, मॅनेजरबरोबर तासभर गप्पा, आणि नंतर शांतता. (डीएसए राऊंड आणि असाइनमेंटवर आज बोलणार नाही. तो वेगळा राग आहे, त्याला वेगळा एपिसोड लागेल.)

पण न कळवणं, घाई, टार्गेट हे सगळं सहन होतं. नुकसान करतात ते पहिल्या मिनिटात विचारलेले दोन प्रश्न. नोटिस पिरियड आणि करंट सीटीसी.

आधी नोटिस. आपल्याकडच्या मोठ्या आयटी कंपन्यांमध्ये नव्वद दिवस ही सर्रास पद्धत झालीये. गंमत अशी की जी कंपनी स्वतःच्या माणसाला नव्वद दिवस सोडत नाही, तीच दुसऱ्याच्या माणसाकडून पंधरा दिवसांत जॉइनिंग मागते. स्वतःचं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून. हातात ऑफर नसताना तुम्ही नव्वद दिवसवाले, म्हणून फोन पुढे सरकत नाही. फोन पुढे सरकावा म्हणून लोक ऑफर नसतानाच राजीनामा देतात. मग जॉब पोर्टलवर 'सर्व्हिंग नोटिस पिरियड' असं लावलं की अचानक फोनचा पाऊस! मग हातात तीन महिने मोकळे असतात, एका ऑफरवर दुसरी, दुसरीवर तिसरी असं सुरू होतं. शेवटी जॉइनिंगच्या दिवशी माणूस येतच नाही. मग कंपन्या म्हणतात, आजकालच्या मुलांवर भरवसा नाही, म्हणून आम्ही एका जागेसाठी दोन ऑफर देऊन ठेवतो. आणि दोघंही आले तर?

तर काय होतं ते मी आमच्या फ्लॅटवर पाहिलंय. माझी रूममेट, लातूर जिल्ह्यातली. नाव सांगत नाही, तिला विचारून सांगतेय एवढंच. सर्व्हिस कंपनीत चार वर्षं काढली. प्रत्येक फोन 'नव्वद दिवस' ऐकून बंद होत होता, म्हणून तिने राजीनामा दिला. साठाव्या दिवशी ऑफर मिळाली, चांगली होती. आम्ही एफसी रोडला जाऊन पार्टीसुद्धा केली. जॉइनिंगच्या पाच दिवस आधी मेल आला, पोझिशन होल्डवर गेली आहे, अपडेट असेल तर कळवू. बस. फोन केला तर रिक्रूटर म्हणाली, मलाही आत्ताच कळलं. जुन्या कंपनीत तिची जागा भरलेली. भाडं परवडेना म्हणून ती घरी गेली. घरचा पर्सनल लोनचा हप्ता तिच्या पगारातून जायचा, तो वडिलांनी सोसायटीतून उचल घेऊन भरला. चार महिन्यांनी तिला नोकरी मिळाली, आधीपेक्षा थोड्या कमी पगारावर. त्या इंटरव्ह्यूत पहिला प्रश्न काय होता? "हा चार महिन्यांचा गॅप कसा काय?"

मला विचाराल तर यात तिचं काही चुकलं नाही. तिने तेच केलं जे बाजार करायला लावतो.

कायद्याचं थोडं. कोर्ट कुणाला जबरदस्तीने नोकरीत बसवून काम करून घेत नाही, हे तत्त्व आपल्याकडे आहे, 1963 च्या स्पेसिफिक रिलीफ अ‍ॅक्टमध्ये ते येतं. कंपनी करारातली नोटिस पे किंवा नुकसानभरपाई मागू शकते. आणि बाँड म्हणजे नुसता कागद असं समजू नका. 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाने विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्याबद्दलची दोन लाखांची अट वैध ठरवली. पण आयटीत कोर्टापर्यंत कोण जातं? खरी दोरी असते ती रिलीव्हिंग लेटरची. ते नसेल तर पुढच्या कंपनीचं बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन अडतं. पीएफच्या यूएएनवर तुम्ही कुठून कधी बाहेर पडलात ते दिसतंच. म्हणून बायआउटचं कलम ऑफर लेटर सही करायच्या आधी वाचा. 'अ‍ॅट द डिस्क्रिशन ऑफ द कंपनी' असं असेल तर पैसे भरून सुटायचा हक्क तुमचा नाही, मॅनेजरच्या मर्जीचा आहे.

आता करंट सीटीसी. हा प्रश्न मला नोटिसपेक्षाही जास्त खुपतो. का ते आकड्यांनी सांगते. समजा दोन मुली. एकीला कॅम्पसमधून साडेतीन लाख, दुसरीला सात लाख. फरक कशाचा? बऱ्याचदा कॉलेजचा. पुण्या-मुंबईच्या नावाजलेल्या कॉलेजात ज्या कंपन्या येतात त्या नांदेड-जालन्याला येत नाहीत. पुढे दोघी सारखंच काम करायला लागल्या, दोघींनी तीन वेळा नोकरी बदलली आणि दर वेळी एचआरने 'करंटवर तीस टक्के' दिले. पहिली पोहोचली 7.69 लाखांवर, दुसरी 15.38 वर. सुरुवातीला साडेतीन लाखांचं अंतर होतं, आता पावणेआठ लाखांच्या जवळ गेलंय. काम सारखं, अनुभव सारखा. एकविसाव्या वर्षी कॉलेजच्या सेमिनार हॉलमध्ये जो आकडा कपाळाला लागला, तो तिथेच राहिला. मुलीने मधे बाळंतपणासाठी ब्रेक घेतला असेल, तर विचारूच नका.

पगार त्या कामाचा असतो ना? की आधीच्या मालकाने काय दिलं त्याचा? भाजीवाली तुम्हाला विचारते का, की काल तुम्ही मेथी कितीला घेतली?

हे सगळीकडे असंच चालतं असंही नाही. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सने 2016 मध्ये कायदा केला आणि 2018 पासून तिथे ऑफरच्या आधी जुना पगार विचारायला बंदी आली. कॅलिफोर्नियातही 2018 पासून बंदी आहे. युरोपियन युनियनच्या 2023 च्या पगार-पारदर्शकतेच्या निर्देशातही हा प्रश्न विचारायचा नाही असं आहे. भारतात असा कायदा नाही. म्हणजे एकाच अमेरिकन कंपनीचा रिक्रूटर कॅलिफोर्नियातल्या मुलीला हा प्रश्न विचारू शकत नाही आणि खराडीतल्या मुलीला पहिल्या मिनिटाला विचारतो. टीम तीच, स्प्रिंट तोच, सकाळची स्टँडअपही एकत्र!

आणि हा 'सीटीसी' शब्दच किती फसवा आहे बघा. फोनवर "ट्वेल्व्ह एलपीए" ऐकलं की आपण मनात महिन्याला लाख करून टाकतो. हिशोब करू. बारा लाखांत दहा टक्के व्हेरिएबल, म्हणजे 1,20,000, मिळाले तर मिळाले. बेसिक निम्मं, सहा लाख धरलं तर कंपनीचा पीएफचा वाटा बारा टक्क्यांनी 72,000. ग्रॅच्युइटी 4.81 टक्क्यांनी 28,860. ती साधारण पाच वर्षं सलग काढली तर हातात येते, आणि आपल्यात पाच वर्षं एका कंपनीत कोण राहतं? इन्शुरन्सचा हप्ता समजा 15,000. राहिले 9,64,140. महिन्याला 80,345. त्यातून तुमचा स्वतःचा पीएफ 6,000 आणि प्रोफेशनल टॅक्स 200. हातात 74,145, इन्कम टॅक्स असेल तर तो वेगळा. काही कंपन्या पीएफ 1,800 वरच थांबवतात, तिथे आकडा बदलेल. पण लाख नाही म्हणजे नाही. रिक्रूटर खोटं बोलत नाही, पण पूर्ण खरंही सांगत नाही. तिची फीसुद्धा त्या फुगलेल्या बारा लाखांवरच मोजली जाते.

मग मी काय करते? फोन आला की पहिल्यांदा मीच विचारते: कंपनी कोणती, या जागेचं बजेट किती, त्यात फिक्स्ड किती. कंपनीचं नाव कळल्याशिवाय 'आय कन्फर्म' पाठवत नाही. बजेट सांगितलं नाही तर मी माझी अपेक्षा सांगते, करंट नाही. निम्मे लोक फोन ठेवतात. ठेवू देत. उरलेले निम्मे दोन मिनिटं गप्प राहून आकडा सांगतात, कारण तो त्यांच्यासमोर स्क्रीनवर असतोच. हातात नोकरी असताना हे जमतं, हेही मला मान्य आहे. घरी बसलेल्या माणसाला असं बोलायचा सल्ला मी देणार नाही.

खोटा आकडा मात्र सांगू नका. पेस्लिप मागतात, फॉर्म 16 मागतात, आणि तिथे पकडलं गेलं तर ऑफर जातेच. काही पोर्टलवर करंट सीटीसीचा रकाना भरल्याशिवाय फॉर्म पुढे जात नाही. मी तिथे शून्य टाकते आणि खाली रिमार्कमध्ये लिहिते, 'बोलताना चर्चा करू'. बऱ्याचदा चालतं.

रूममेट परत पुण्यात आलीये. आता तिच्या टीममध्ये ती ज्युनियर्सचे टेक्निकल राऊंड घेते. तिने तिच्या एचआरला मेल केला, की कँडिडेटचा जुना पगार मला पाठवू नका, मी फक्त कोड बघणार. एचआर म्हणाली, "अगं, तुला नको असेल तर मी तो कॉलम लपवते." लपवला. एवढं सोपं होतं ते!

पुढच्या एपिसोडला माझी ती रिक्रूटर मैत्रीण येतेय. बिचारी घाबरलीये, तेव्हा प्रश्न जरा सांभाळून पाठवा. माझा पहिला प्रश्न ठरलाय: उद्यापासून करंट सीटीसी विचारणं बंद केलं, तर तुझं नेमकं काय अडेल? तुमचे प्रश्न शुक्रवारपर्यंत व्हॉइस नोटने पाठवा, एका मिनिटाच्या आत. भेटू.