सांत्वन : एका शब्दाची कुळकथा



आज मीं जो शब्द बोलावयास घेतला आहे, तो आपण सर्वांनीं कधीं ना कधीं जपून उच्चारलेला आहे. तो शब्द ‘सांत्वन’. वर्तमानपत्रांतून तो वरचेवर भेटतो. ‘मंत्रिमहोदयांनीं मृतांच्या नातलगांचें सांत्वन केलें’ हें वाक्य वाचलें कीं तें सांत्वन किती मिनिटांचें झालें असेल, अशी शंका माझ्या मनांत येते. पण तो विषय निराळा.

पुष्कळांची अशी समजूत असते कीं हा शब्द ‘शांत’ या शब्दापासून निघाला. माझे विद्यार्थी तर वहींत बिनदिक्कत ‘शांत्वन’ लिहीत. वास्तविक ‘शांत’ हा शम् धातूचा, आणि सांत्वनाचा धातु सान्त्व्. पाणिनीय धातुपाठांत त्याचा अर्थ ‘साम योजणें’ असा दिला आहे. साम, दान, भेद आणि दंड या चार उपायांपैकीं पहिला तो हा साम. अमरकोशांतहि साम आणि सांत्व हे एकाच अर्थाचे शब्द म्हणून राजनीतीच्या शब्दांच्या पंक्तींत बसविले आहेत. रुष्ट झालेल्या मांडलिकाला, फुटूं पाहणाऱ्या मित्राला मऊ बोलून आपलासा करणें, हें सांत्वन. म्हणजे या शब्दाचें माहेर राजदरबारांत आहे. शोकाच्या घरीं तो मागाहून आला.

आरंभीं मला हें विचित्र वाटलें. पुढें वाटूं लागलें कीं, ज्यानें कोणीं हा शब्द दुःखिताच्या दारीं प्रथम नेला, तो मोठा जाणता असला पाहिजे. दुःखी माणूस नुसता रडत नसतो; तो रुसलेला असतो. देवावर, दैवावर, वैद्यावर, आणि गेलेल्या माणसावरसुद्धां. अशा माणसाला तत्त्वज्ञान सांगणें म्हणजे भांडणांत प्रतिपक्षाची वकिली करण्यासारखेंच आहे.

आपल्या घरांतील बायामाणसांना हें व्याकरणावांचून ठाऊक असतें. त्या ‘सांत्वनाला जातें’ असें सहसा म्हणत नाहींत. ‘समाचाराला जातें’ म्हणतात. समाचार घेणें म्हणजे विचारपूस करणें. त्यांत सांगणें कमी, ऐकणें अधिक. (हाच शब्द खडसावण्यासाठींहि वापरतात, ही मराठीची गंमत.) ज्या घरीं चूल पेटत नाहीं तेथें शेजारीण पिठलेंभात झांकून ठेवून येते, आणि बहुधा कांहीं न बोलतां परत फिरते.

दुसरा शब्द ‘दिलासा’. हा फारसी. ‘दिल’ म्हणजे हृदय. ‘आसा’ या उत्तरपदांत विसाव्याचा, निवविण्याचा अर्थ आहे. मराठेशाहीच्या कारभारांत रयतेला दिलासा देऊन जमीन लागवडीस आणीत. हल्लीं मात्र या शब्दाची फार ओढाताण चालली आहे. कर उतरला कीं ‘करदात्यांना दिलासा’, उल्हास नदीचें पाणी ओसरलें कीं ‘बदलापूरकरांना दिलासा’. त्यांतलें हृदय कोठें गेलें, हें विचारण्याची सोय नाहीं.

उल्हास नदीचें नांव निघालेंच आहे, तर तिच्याच नांवाच्या नगरांतील एक आठवण सांगतों. अंबरनाथ आणि कल्याण यांच्या मधील कल्याण कॅम्प ही दुसऱ्या महायुद्धांतील लष्करी छावणी. 1947 च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेले जवळजवळ एक लाख निर्वासित तेथील बराकींत राहिले. 8 ऑगस्ट 1949 रोजीं गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्तें वसाहतीचा पायाभरणी समारंभ झाला आणि ती उल्हासनगर झाली. घरदार गमावलेल्या लोकांच्या वस्तीला आनंदाचें नांव मिळालें.

मी अंबरनाथला शिक्षक होतों. 1988 सालीं माझा एक सिंधी विद्यार्थी तापानें गेला. मी उल्हासनगरला त्याच्या घरीं गेलों आणि तरुणपणाच्या उत्साहांत आत्म्याच्या अमरत्वावर बोलूं लागलों. मुलाचा बाप मध्येंच उठून बाहेर गेला. फाळणींत सिंधहून आलेली आजी तेथें बसली होती. तिनें मला पाणी दिलें, मग बाहेर जाऊन मुलाच्या खांद्यावर हात ठेवून ती उभी राहिली. कितीतरी वेळ ती तशीच उभी होती. त्यांच्या भाषेंत यास काय म्हणतात, हें मीं मागाहून एका सहशिक्षकास विचारलें. तो म्हणाला, ‘आथत’.

दुसऱ्या दिवशीं मी पुन्हा गेलों. त्या दिवशीं मीं कांहीं सांगितलें नाहीं. बापानें आपण होऊन मुलाच्या गणिताच्या वह्या काढल्या. त्यांतील लाल शाई माझीच होती. एका उदाहरणाला मीं चूक दिली होती. तें बरोबर होतें, असें त्याचें म्हणणें. मीं पुन्हा करून पाहिलें. त्याचें म्हणणें खरें होतें. मीं तेथेंच खूण खोडून बरोबरची केली, आणि दिवेलागणीपर्यंत आम्ही दोघे त्या वह्या चाळीत बसलों.