राख, पाणी आणि प्रयोगशाळेचा अहवाल
(ग्रामस्थ व शिक्षकांच्या मेळाव्यातील भाषण)



मी कलाशाखेचा पदवीधर. रसायनशास्त्र हा माझा विषय नव्हे. परंतु पूर्वी चुलीतील राख पाण्यात कालवून वरचे निवळलेले पाणी कपडे धुण्यास वापरीत, हे आपण जाणता. राख तळाशी राही, तिच्यातील खार पाण्यात उतरे. यालाच शास्त्रात निक्षालन म्हणतात. कारखान्याची राख किंवा गाळ उघड्यावर पडला की पावसाचे पाणी हेच कार्य करते. मात्र तेव्हा खाराबरोबर शिसे, कॅडमियम यांसारखे विषारी धातूही विहिरीच्या वाटेला लागू शकतात.

भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यातील 337 टन कचरा जानेवारी 2025 मध्ये पीथमपूरला नेऊन पुढे जाळण्यात आला. कचरा जळतो, पण धातू नष्ट होत नाहीत. बहुतांशी राखेत उरतात. म्हणून राखेची परीक्षा घ्यावी लागते.

ती अशी. बारीक केलेला 100 ग्रॅम नमुना वीसपट वजनाच्या, म्हणजे सुमारे 2 लिटर, सौम्य ॲसेटिक आम्लात घालतात. बाटली मिनिटाला 30 फेरे या गतीने सुमारे 18 तास फिरवितात. नंतर द्रावण गाळून त्यात उतरलेले धातू मोजतात. शिशाची मर्यादा लिटरमागे 5 मिलिग्रॅम आहे. ती ओलांडल्यास कचरा घातक ठरतो.

येथे एक गैरसमज टाळावा. पिण्याच्या पाण्यात शिशाची मर्यादा 0.01 मिलिग्रॅम, म्हणजे पाचशेपट कमी आहे. ही चाचणी अमेरिकेत 1990 मध्ये लागू झाली, तेव्हा विहिरीपर्यंत पोहोचता पोहोचता द्रावण शंभरपट विरळ होईल, असे गृहीत धरले होते. तेव्हा 'घातक नाही' याचा अर्थ 'पाणी पिण्यास योग्य' असा नव्हे. शिवाय आर्सेनिक खारट, अल्कधर्मी पाण्यात अधिक उतरू शकते. आम्लाच्या चाचणीत ते कमी दिसण्याचा संभव असतो.

यास्तव अहवाल हाती येताच नम्रपणे विचारावे: नमुने किती ठिकाणचे? चाचणी कोणत्या द्रावणात केली? विहिरींचे पाणी पावसाळ्यापूर्वी व नंतर स्वतंत्रपणे तपासले काय? अधिकारी बंधूंनी ही उत्तरे ग्रामसभेत सोप्या भाषेत वाचून दाखवावीत आणि शिक्षकांनी ती विद्यार्थ्यांना समजावून द्यावीत. विहीर गावाची आहे. तिच्याविषयीचा अहवालही गावाला कळला पाहिजे.