मोरपिसाचा देठ

तीस वर्षांनंतर मीं पुन्हा गळ हातीं घेतला, तो माझ्या आठ वर्षांच्या कन्येच्या हट्टामुळें. लहानपणीं भाटघरच्या पाण्यावर मी वडिलांजवळ पुष्कळ बसलों होतों. तेव्हां तिला शिकविणें सहज जमेल, अशा घमेंडींतच मासेमारीच्या ठेकेदाराची परवानगी घेऊन आम्हीं त्याच कांठावर बैठक मांडली.

दोऱ्याला मोरपिसाचा देठ अडकविला, खालीं शिशाची गोळी, गळाला कणीक. पण देठ पाण्यावर आडवाच!

"बाबा, तो झोंपला आहे."

मला उत्तर सुचेना. मग उमगलें: शिसें तळाला टेकलें कीं देठाला ओढून धरणारें कांहीं उरत नाहीं. देठ वीतभर गळाकडे सरकविला, तसा तो ताठ उभा राहिला. या सरकविण्यांतच बरीचशी विद्या आहे. कटला वरच्या थरांत चरतो, रोहू मधल्या, मृगळ तळाशीं. कोणाच्या दारीं आमिष धाडावयाचें, तें देठाच्या जागेवर ठरतें. वडिलांनीं हें कधीं सांगितलें नव्हतें. ते नुसते देठ सरकवीत.

देठ दोनदां थरथरला, दोनदां मीं घाई केली, आणि गळ रिकामा आला. तिसऱ्या खेपेस मुलीनें माझें मनगटच धरून ठेवलें. देठ तिरपा होऊन नाहींसा झाला, तेव्हां कुठें तिनें तें सोडलें.

निघाला तळहाताएवढा तिलापिया. 1952 सालीं भारतांत आणलेला, आतां जागोजाग माजलेला.

"आजोबांनीं याचें काय केलें असतें?"

आजोबांना तळलेला आवडे, एवढेंच मीं सांगितलें.