साडेनऊ हजार वस्तीचं अमेरिका
(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनातील भाषण)



अमेरिका म्हटलं की आपल्याला न्यूयॉर्क दिसतं. माझा मुलगा राहतो ते ग्रिनेल हे आयोवा राज्यातलं जेमतेम साडेनऊ हजार वस्तीचं गाव. चहूकडे मका आणि सोयाबीन. आमची ही म्हणाली, "एवढं विमानात बसवून पोरानं शेतावरच आणून सोडलं की!"

गावात पाहण्यासारखं काय, तर बँक! लुई सलिव्हन या नामांकित आर्किटेक्टची १९१४ सालची इमारत. दारावर भलीमोठी गोल रंगीत खिडकी, सभोवती कोरीव नक्षी. आमच्या शाखांच्या भिंतींवर नक्षी असे ती पानवाल्याच्या कृपेने. आता तिथे बँक चालत नाही. हल्लीच्या बँकेत गाडीतून उतरायचंच नाही. चेक डबीत घालायचा, नळीतली हवा तो आत ओढून नेते. कॅशियरशी दोन शब्द बोलणं नाही, काही नाही.

चौकात सिग्नल नाही, चारी बाजूंना 'थांबा'च्या पाट्या. आधी येईल तो आधी जाणार. दोघे एकदम आले तर "आधी तुम्ही, आधी तुम्ही" असे हातवारे. आपल्या पार्किंग कमिटीने एकदा पाहून यावं.

शेजारी चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाई एकट्या राहत. दारासमोरच्या फुटपाथावरचा बर्फ घरमालकानेच काढायचा, तोही त्या स्वतः काढत. बाजार, चर्च, डॉक्टर, सगळीकडे गाडीने. मग डोळ्यांच्या तपासणीत लायसन्स गेलं. महिन्याभरात अंगणात 'घर विकणे आहे'ची पाटी लागली आणि गॅरेजमध्ये भांडी मांडली. हिने त्यांच्याकडून एक काचेचा वाडगा घेतला, पन्नास सेंटला. बाई मुलीकडे दुसऱ्या राज्यात गेल्या.

मला तिथे गाडी चालवता येत नाही. कोथिंबीर हवी असली तरी सुनेची सुट्टी बघायची. इथे लिफ्ट बंद पडली तरी वाणी वर माणूस पाठवतो, आणि दोन दिवस मी कट्ट्यावर दिसलो नाही तर तुमच्यापैकी कुणीतरी बेल वाजवतंच.

मुलगा दर रविवारी फोनवर विचारतो, "बाबा, कायमचे कधी येताय? कागदपत्रांचं मी बघतो." मी सांगत आलो, "सोसायटीचा रौप्यमहोत्सव होऊ दे, मग बघू."

तो तर आज झाला. परवा रविवार आहे.