सनरूफचं पाणी

सेकंडहँड सुपर्ब किंवा मर्सिडीज घेतलीत आणि पावसाळ्यात पायाखालचं मॅटिंग ओलं लागतंय? गॅरेजला पळण्याआधी सनरूफ उघडा. चौकटीच्या पुढच्या कोपऱ्यांत बारीक भोकं असतात. छतावरचं पाणी तिथून नळीवाटे खाली जातं. बदलापूर-अंबरनाथला गाडी झाडाखाली लावली, की पानांचा चुरा नि धूळ मिळून तिथे काळा गाळ बसतो. नायलॉनची मऊ दोरी हलक्या हातानं आत फिरवा, मग कपभर पाणी सावकाश ओता. गाडीखाली ठिबकलं, की वाट मोकळी. हवेचा जोरदार झोत मात्र मारू नका, नळी सांध्यातून निसटते.

घरच्या घरी जमणारं दुसरं काम म्हणजे केबिन फिल्टर बदलणं. तो बहुधा ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो. उल्हासनगरच्या किंवा कुर्ल्याच्या दुकानात जुन्यावरचा पार्ट नंबर दाखवा. बॉश, मान, माहले यांचा फिल्टर बऱ्याचदा स्वस्त पडतो. ब्रेक पॅडला मात्र ही काटकसर लावू नका, नकली माल जिवावर बेतेल.

आणि २६ जुलै २००५ चा उल्हास नदीचा पूर आठवतो ना? तशा पुरात गाडी बुडाली असेल, तर स्टार्टर मारून बघूच नका. इंजिनात शिरलेलं पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. सरळ टोइंगवाल्याला बोलवा.